चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरायचं, पण नेमकं कुठे?

माळरान

चांद्रयान-४ साठी मॉन्स मूटन या पठाराचं नाव पुढे आल्यापासून हा धागा काढायचं मनात होतं. बातम्यांत फक्त "इस्रोने जागा शोधली" एवढंच येतं. ती शोधतात कशी, आणि ध्रुवाजवळ ते काम इतकं अवघड का, यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी अंतराचा मुद्दा. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरला ती शिवशक्ती जागा साधारण ६९.४ अंश दक्षिणेला आहे. तिथून प्रत्यक्ष ध्रुव सहाशे किलोमीटरहून लांब. त्या अक्षांशावर तोवर कोणीच अलगद उतरलं नव्हतं, त्यामुळे यशाचं मोल तसूभरही कमी होत नाही. पण मॉन्स मूटन ८४-८५ अंशांवर आहे आणि या पंधरा अंशांत सगळी गणितं बदलतात.

कारण आहे सूर्य. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे ध्रुवावर सूर्य क्षितिजाच्या दीड अंशापेक्षा वर येतच नाही. क्षितिजाला धरून महिनाभर गोल फिरतो. आता ३० सेंटिमीटर उंचीचा एक दगड घ्या. विक्रमच्या जागी भर दुपारी त्याची सावली पडेल ८० सेंटिमीटर. मॉन्स मूटनवर तोच दगड, तीच दुपार, सावली ३ मीटर. खुद्द ध्रुवावर ११ मीटरच्या पुढे. हे सगळं दुपारचं झालं. यानं उतरवतात सकाळी, म्हणजे पुढचा पूर्ण चांद्रदिवस (पृथ्वीवरचे साधारण चौदा दिवस) कामाला मिळतो. सकाळी सावल्या याहून लांब.

सावलीत काय आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. हवा नसल्यामुळे सावली नुसती काळी, आतलं जवळजवळ काहीच उजळत नाही.

त्यामुळे "सपाट जागा बघा आणि उतरा" एवढ्यावर भागत नाही. उतार कमी हवा, दगड कमी हवेत, ऊन हवं, संपर्कासाठी पृथ्वी दिसायला हवी, आणि हे सगळं ठरलेल्या तारखेला एकाच वेळी जुळायला हवं. ध्रुवाजवळ यातलं एक साधलं की दुसरं हातचं जातं. उंच कड्यावर ऊन भरपूर, पण सपाटी कमी. खोलगट भागात सपाटी सापडते, पण ऊन नाही.

---

अप्पा सातारकर

उत्तम विषय. माझा एक साधा प्रश्न. बर्फ आहे विवरांच्या तळाशी. २००८ मध्ये आपल्याच चांद्रयान-१ मधला प्रोब दक्षिण ध्रुवावरच्या शॅकलटन विवराजवळ आदळवला होता, तिरंगा घेऊन. मग आता एवढी तयारी झाली आहे तर थेट विवराच्या तळाशीच का उतरत नाही? कड्यावर उतरून लांबून बघत बसायचं कशाला?

---

नभांगण

अप्पा, शॅकलटन सुमारे २१ किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटरहून खोल आहे. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल, आणि तिथेही काठावरून खाली उतरताना पाय जपून टाकावा लागतो. शॅकलटनच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. ध्रुवाजवळच्या अशा काही विवरांत उणे २३८ अंशांच्या आसपास तापमान मोजलं गेलंय. सौर पॅनेलचा उपयोग शून्य, बॅटरी गारठणार, आणि भिंती आड आल्यामुळे पृथ्वीशी थेट संपर्क नाही.

शिवाय तळाची बारकाईने छायाचित्रंच आत्ता कुठे मिळायला लागलीत. कोरियाच्या दानुरी यानावर शॅडोकॅम नावाचा अतिसंवेदनशील कॅमेरा आहे. समोरच्या भिंतीवरून परावर्तित होऊन येणाऱ्या अंधूक उजेडात तो विवराच्या आतलं टिपतो. पण त्यात एक पिक्सेल म्हणजे पावणेदोन मीटर. लँडरचा पाय अडकवणारा दगड त्यात दिसणारच नाही.

---

दगडफूल

मी सर्व्हेचं काम करतो. रस्ते, कॅनॉल, क्वचित धरणाचं कॅचमेंट. उतारावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

"सरासरी उतार ५ अंश" असं वाचलं की आमच्या लाइनमधला माणूस पहिलं विचारतो, किती अंतरावर मोजला? लेव्हलिंगला दोन स्टाफ (उंची मोजायच्या उभ्या पट्ट्या) शंभर मीटरवर धरले तर एक उतार येतो, पाच मीटरवर धरले तर दुसराच. शंभर मीटरच्या पट्ट्यात मधले सगळे खड्डे गिळले जातात. चंद्राच्या उंचीचे नकाशे किती मीटरच्या ग्रिडचे असतात, म्हणजे उंचीच्या दोन नोंदींत अंतर किती?

कारण यान काही शंभर मीटरवर उभं राहत नाही. चार पायांवर उभं राहतं. समजा दोन पायांत ३ मीटर अंतर आहे आणि एक पाय अर्धा मीटर खोल खड्ड्यात गेला. झाला साडेनऊ अंशांचा कल. जमीन मुळात ५ अंश उतरती असेल आणि खड्डा नेमका उताराच्या बाजूला आला, तर साडेचौदा. कागदावर मात्र ती जागा "५ अंश, सुरक्षित".

---

माळरान

दगडफूल, नेमक्या जागी बोट ठेवलंत. विक्रमची रचना १२ अंशांपर्यंतचा उतार सोसण्याची होती. तुमच्या हिशेबातला कल त्याच्या पुढे गेला.

नासाच्या एलआरओ यानावरचा लेझर उंचीमापक २००९ पासून मोजतोय. ध्रुवावरून त्याच्या फेऱ्या सगळ्यात जास्त होतात, म्हणून तिथले उंचीचे नकाशे ५ मीटर ग्रिडपर्यंत मिळतात. पण दोन-तीन मीटरचा खड्डा त्यातही निसटतोच. तिथे चांद्रयान-२ च्या ऑर्बायटरवरचा ओएचआरसी कॅमेरा कामाला येतो. शंभर किलोमीटरवरून एक पिक्सेल साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचा. चंद्राभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्यांत याहून बारीक बघणारा दुसरा नाही. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर आदळून गेला, पण ऑर्बायटर राहिला आणि त्याच्याच छायाचित्रांवरून चांद्रयान-३ ची जागा पक्की झाली. मला या सगळ्या गोष्टीतलं हे फार मोलाचं वाटतं.

हा कॅमेरा एकच पट्टा दोन वेगवेगळ्या कोनांतून टिपू शकतो. दोन्ही छायाचित्रं जुळवली की उंची काढता येते. मॉन्स मूटनवरच्या जागांची तुलना याच छायाचित्रांवरून केली गेली. त्यातली एमएम-४ ही जागा सरस ठरली, एक किलोमीटर लांब-रुंद, सरासरी उतार ५ अंश. तुमचा प्रश्न त्यांनीही विचारात घेतलेला दिसतो. त्या जागेचे २४ मीटर लांब-रुंद चौकोन पाडले आणि उतार, दगड, खड्डे, सावली यांपैकी कशाचाच धोका नाही असे चौकोन मोजले. ज्या जागेत असे चौकोन जास्त, ती जागा वरचढ. म्हणजे नुसती सरासरी बघून जागा ठरवलेली नाही.

---

रेवती के

मी विज्ञान शिकवते, आठवी-नववीला. मुलं विचारतात की लँडरवर कॅमेरे आहेत, कॉम्प्युटर आहे, मग ते आयत्या वेळी स्वतःच जागा बघून का उतरत नाही? आधीच्या नकाशांची एवढी काय गरज?

---

नभांगण

रेवतीताई, बघून उतरतं, पण शेवटच्या टप्प्यात. विक्रम ३० किलोमीटर उंचीवरून निघाला तेव्हा वेग सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर होता. तिथून खाली येताना आधी वेग मारायचा आणि स्वतःकडच्या नकाशाशी खालचं चित्र ताडून आपण कुठे आहोत ते ओळखायचं. धोके टाळणारा कॅमेरा, जो अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवला, तो निर्णय घेतो दीडशे मीटरच्या आसपास. तिथे लँडर क्षणभर तरंगतो, खालची जमीन तपासतो, गरज पडली तर बाजूला सरकतो.

हे तरंगणं फुकट नाही. एक टन वजन उरलंय असं धरा. अर्धा मिनिट नुसतं जागच्या जागी राहायचं तर सोळा-सतरा किलो इंधन जातं. त्यामुळे शोधाशोध करायला वेळ नसतो. त्या उंचीवरून आसपास चांगला चौकोन दिसायलाच हवा. आणि तो दिसेल की नाही हे महिनोन् महिने आधी नकाशावर ठरलेलं असतं.

मुलांना आणखी एक सांगा. चांद्रयान-२ ला उतरायचा चौकोन होता ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ ला ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी चांद्रयान-२ च्या अपयशाची नंतर जी कारणं सांगितली त्यात छोटा चौकोन हे एक होतं. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त झाला, चुका साचत गेल्या, यानाला वेगाने वळण्याची मर्यादा होती, आणि तशातही त्या छोट्या चौकोनातच पोहोचायचा प्रयत्न चालू राहिला. जागा ऐसपैस असती तर चूक पोटात घालायला वाव मिळाला असता. दुसऱ्या वेळी पायही दणकट केले. सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकलं तरी चालेल असे.

---

ह्यूस्टनकर

मी इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, अवकाश क्षेत्रात नाही. पण इंट्युइटिव्ह मशिन्स याच शहरातली कंपनी, त्यामुळे दोन्ही लँडिंगं मन लावून पाहिली. या धाग्यावर ती यायलाच हवीत.

पहिलं, ओडिसियस, २२ फेब्रुवारी २०२४, मलापर्ट ए विवराजवळ, साधारण ८० अंश दक्षिण. उंची मोजणाऱ्या लेझरचा सेफ्टी स्विच जमिनीवरच काढायचा राहिला होता, त्यामुळे लेझर चाललाच नाही. कॅमेरे आणि वेगाच्या अंदाजावर यान उतरलं, ते १२ अंश उताराच्या जमिनीवर. पाय मोडला आणि यान कलंडलं.

दुसरं, अथेना, ६ मार्च २०२५, आणि जागा तीच, मॉन्स मूटन. ठरलेल्या ठिकाणापासून अंदाजे २५० मीटरवर, २० मीटर रुंदीच्या एका विवरात आडवं पडलं. पॅनेलवर ऊन नाही, दुसऱ्या दिवशी मोहीम संपली. कंपनीने नंतर जी कारणं दिली ती वाचताना मूळ लेखातल्या सावल्याच डोळ्यासमोर येतात. लेझरच्या मापनात गोंधळ होता, ध्रुवाजवळच्या तिरप्या उन्हात लांब सावल्यांमुळे कॅमेऱ्याला अडचण आली, आणि जसजसं खाली यावं तसतशी विवरं वरून काढलेल्या छायाचित्रांपेक्षा वेगळी दिसायला लागली.

म्हणून नभांगण यांच्या म्हणण्यात एक भर. नकाशा चांगला असून भागत नाही. ज्या दिवशी, ज्या तासाला उतरायचं त्या वेळचं ऊन धरून नकाशा बनवलेला असायला हवा. ध्रुवाजवळ सूर्य तासाला अर्धा अंश सरकतो. दोन दिवस उशीर झाला की सावल्यांची दिशा चोवीस अंशांनी फिरते. यानाला पाठ करून दिलेला चेहराच बदलतो.

---

अप्पा सातारकर

हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे आपलं यान जिथे पाठवायचं म्हणतात, तिथे एक यान पडलेलं आहे! मग पुन्हा तीच जागा का? आणि रशियाचं लुना-२५ पण असंच जागेमुळे पडलं का?

---

माळरान

अप्पा, लुना-२५ चं कारण जागेचं नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला कक्षा बदलताना इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं आणि यान आदळलं. जागेपर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही.

मॉन्स मूटन हे एखादं टेकाड नाही. शंभर किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, जवळपास सहा किलोमीटर उंचीचं पठार आहे. नासात गणितज्ञ असलेल्या मेल्बा मूटन यांचं नाव त्याला २०२३ मध्ये दिलं गेलं. उंच असल्यामुळे ऊन आणि पृथ्वी दोन्ही दिसायला बरं, माथा त्यातल्या त्यात सपाट, आणि कायम अंधारातल्या जागा हाकेच्या अंतरावर. नासाने माणसं उतरवण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये जी नऊ क्षेत्रांची यादी दिली त्यातही मॉन्स मूटन आणि त्याचं पठार अशी दोन नावं आहेत. सगळे तिथेच वळतात कारण पर्यायच मोजके आहेत.

पृथ्वी दिसण्याबद्दल थोडं. ८४.३ अंशांवर मॉन्स मूटनवरून पृथ्वी सरासरी क्षितिजापासून पाचेक अंश वर. पण चंद्र डोलतो, त्यामुळे महिन्याभरात ती साधारण सात अंश वरखाली होते. म्हणजे कधी बारा अंश वर, कधी क्षितिजाखाली. उत्तरेला एखादी टेकडी आड आली तर संपर्काचे दिवस आणखी कमी. म्हणून दर तासाला सूर्य कुठे, पृथ्वी कुठे, आणि दहा-वीस किलोमीटरवरचा कोणता डोंगर मध्ये येतो, हे आधीच काढून ठेवावं लागतं. चांद्रयान-३ च्या वेळी २३ ऑगस्ट हुकली असती तर २७ ऑगस्ट राखून ठेवली होती, आणि त्यासाठीची जागा सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर होती, कारण चार दिवसांत सकाळ तेवढी पुढे सरकते. ध्रुवाजवळ हा पर्याय इतका सोपा नाही. साडेचारशे किलोमीटर सरकलात तर ध्रुव ओलांडून पलीकडे जाल.

---

नभांगण

आता ज्यासाठी मला हा धागा महत्त्वाचा वाटतो ते लिहितो.

विक्रमवर चास्टे नावाचं उपकरण होतं, जमिनीत खुपसून तापमान मोजणारं. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. जिथे ते टोचलं तिथे सूर्याकडे तोंड करून ६ अंशांचा उतार होता आणि पृष्ठभाग ८२ अंश सेल्सियसपर्यंत तापला. तिथून एक मीटरवर सपाट जमीन, तिथे ६० च्या आत. एका मीटरमध्ये वीस अंशांहून जास्त फरक! त्याच संशोधकांनी हिशेब मांडला की सूर्याकडे पाठ करून ध्रुवाकडे झुकलेला उतार १४ अंशांहून जास्त असेल, तर तिथे जमिनीखाली फार खोल न जाताही बर्फ टिकू शकेल.

वर माळरान यांनी काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. लँडर सोसतो १२ अंश. बर्फाला हवेत १४ च्या वर. ज्या जागेसाठी जायचं तिथे उभं राहता येत नाही.

---

माळरान

हेच! जागा निवडणं म्हणजे या दोन जागांमधलं अंतर निवडणं आहे, असं माझं ठाम मत आहे. उभं राहण्याची जागा आणि अभ्यासाची जागा. आणि हे अंतर किती परवडतं ते मोहिमेवर ठरतं.

चांद्रयान-४ माती आणि खडक घेऊन परत येणार. त्याला महिनोन् महिने राहायचं नाही, एका चांद्रदिवसात काम उरकायचं आहे. पण त्याला तिथून उडायचंही आहे, म्हणजे नुसतं न पडता उतरून भागणार नाही, बऱ्यापैकी सरळ उभं राहायला हवं. त्यामुळे त्याच्या जागेत सपाटीला पहिला मान, बाकी सगळं नंतर. जपानबरोबरची चांद्रयान-५, म्हणजे लुपेक्स, वेगळी. तिचा मोठा रोव्हर फिरणार, दीड मीटरपर्यंत खोदणार, दीर्घकाळ काम करणार. तिथे ऊन पहिलं. रोव्हर चालतो म्हणून अंतर परवडतं. दोन्हींसाठी "सर्वोत्तम जागा" एकच असेल असं समजणं चूक आहे, आणि बातम्यांत नेमकं तेच होतं.

---

दगडफूल

धुळीचा मुद्दा राहिला. विक्रमने उतरताना सुमारे दोन टन माती १०८ चौरस मीटरवर उडवली असं इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने (एनआरएससी) मोजलं होतं. म्हणजे उतरल्यावर यानाखालची जमीन ही नकाशातली जमीन राहत नाही, वरचा थर गेलेला असतो. नमुने घेताना यानापासून थोडं दूरच घ्यावे लागतील ना?

आणि भूकंप? आमच्याकडे कोयना परिसरातलं काम आलं की फॉल्ट (खडकातली सरकणारी भेग) कुठे आहे ते आधी बघतात.

---

नभांगण

नमुन्यांबद्दल बरोबर. यंत्रहात पोहोचेल तेवढ्यात आणि ड्रिलने थोडं खालचं, असा दुहेरी विचार त्यामुळेच आहे.

चंद्रकंपांचंही तुमच्यासारखंच बघतात. १३ मार्च १९७३ ला अपोलोच्या उपकरणांनी नोंदवलेला एक उथळ धक्का तीव्रतेने पाचच्या आसपासचा होता. २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात त्याचा संबंध दक्षिण ध्रुवाजवळच्या छोट्या फॉल्टच्या कड्यांशी जोडला गेला, आणि नासाच्या यादीतल्या डी गर्लाश रिम-२ सारख्या जागांपाशी उतार घसरण्याची शक्यताही मांडली. थोड्या दिवसांच्या यानाला याची भीती नगण्य. तळ बांधायचा असेल तर मात्र हा मुद्दा अगदी वरच्या यादीत येईल.

---

रेवती के

सावलीचं उदाहरण उद्याच वर्गात घेते, त्रिकोणमिती सुरूच आहे. ही ओएचआरसीची छायाचित्रं मुलांना प्रत्यक्ष बघायला मिळतील का?

---

माळरान

मिळतील. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी केली की चांद्रयान-२ चा डेटा विनामूल्य उतरवता येतो. फाइल मोठ्या असतात, शाळेच्या नेटवर जड जातील, तेव्हा घरूनच उतरवून न्या. सुरुवात शिवशक्तीच्या परिसरापासून करा, मॉन्स मूटनपासून नको. तिथे सावल्याच जास्त, मुलं वैतागतील.

आणि एक करा. प्रत्येक छायाचित्रासोबतच्या माहितीत सूर्याची दिशा दिलेली असते. मुलांना चित्र दाखवण्याआधी ती फळ्यावर बाणाने काढा. उजेड कुठून येतोय हे ठाऊक नसेल तर खड्डे फुगवट्यांसारखे दिसतात आणि डोळा एकदा तसं धरून बसला की सोडत नाही. बाण काढून झाला की मग एकेका दगडाची सावली पिक्सेलमध्ये मोजायला सांगा. सूर्याची उंची त्याच माहितीत असते, दगडाची उंची मुलं स्वतः काढतील.

---

दगडफूल

ताई, मोजलेले आकडे इथे टाका. पिक्सेलचं माप आणि सूर्याचा कोन दोन्ही लिहा, मी एक्सेलमध्ये बसवून उताराचा नकाशा काढून देतो.